जाऊबाईंचं जाकीट

माझ्या थोरल्या जाऊबाई शालनबाई. त्यांच्या मुलाच्या, ज्योतीरामच्या साखरपुड्यात त्यांनी मला 'हिरवी' म्हटलं आणि ओसरीभर बायका हसल्या. मी नुकतीच उंबरा ओलांडत होते आणि त्या पानसुपारीचं तबक घेऊन दारातच उभ्या होत्या. "आली बगा आमची हिरवी," म्हणाल्या, "हिचं लुगडं आधी वळखू येतं, ही मागनं." मीही हसले. चारचौघीत दुसरं काय करणार? पण हसताना दात आवळले ते माघापर्यंत सुटले नाहीत.

माझ्याकडं चांगलं लुगडं एकच होतं आणि ते हिरवं होतं, हे खरं. आमचे हे पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात लागले होते. माणदेशातून येऊन आम्ही चिंचवडात एका खोलीत राहत होतो, आणि मी दारात शिवणयंत्र मांडून कारखान्यातल्या गड्यांचे फाटके खाकी कपडे शिवत होते. थोरले दीर हिंदुराव आमच्या आधी आले. त्यांनी रहाटणीला पवनेच्या काठी वीटभट्टी घातली. एकामागून एक कारखाने उभे राहायला लागले आणि त्यांची वीट भट्टीत गार व्हायच्या आत खपू लागली. मला त्यांचा हेवा वाटत नव्हता असं म्हणणार नाही. पण हेवा मनात ठेवता येतो, नाव ठेवलेलं मनात राहत नाही. ते गावभर होतं.

झालंच तसं. पुढच्याच आठवड्यात नळावर एका बाईनं माझ्या पोरीला "ए हिरवीचे" म्हणून हाक मारली. आणि पोरगी ओ देऊन गेली. तिला वाटलं, आपलं नावच ते. त्या दिवशी मला भाकरी गोड लागली नाही.

पण खरा घाव वेगळाच होता. साखरपुड्याहून निघताना जाऊबाईंनी माझ्या खांद्यावर आहेराचं लुगडं टाकलं होतं, जांभळं, रुईफुली काठाचं. घरी येऊन घडी मोडली तर पदराच्या आतल्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं शिवलेलं तुळशीचं पान. ते पान माझ्या हातचं होतं. माझ्या आईची रीत अशी की आहेराचं लुगडं कोरं द्यायचं नाही, आपल्या हातचा टाका घालून द्यायचं. दोन वर्षांपूर्वी जाऊबाईंच्या नव्या घराच्या घरभरणीला मीच हे लुगडं त्यांना नेसवलं होतं, म्हणजे घडीसकट खांद्यावर टाकलं होतं. त्या दिवाळीला मी स्वतःला चोळीचा खणसुद्धा घेतला नव्हता.

आहेर फिरतात, हे काय मला ठाऊक नाही? प्रत्येक बाईच्या ट्रंकेत फिरत्या आहेराची घडी वेगळी ठेवलेली असते. माझ्याही होती. पण त्यालाही रीत आहे. कुठलं कुणाकडून आलं हे बाई ध्यानात ठेवते आणि देणारीच्या दारात ते परत जाऊ देत नाही. जाऊबाईंना माझं एवढंही ध्यानात ठेवावंसं वाटलं नव्हतं.

आमचे हे म्हणाले, चुकून झालं असेल, सोडून दे. चुकून झालं म्हणूनच तर मी पेटले होते. मुद्दाम केलं असतं, तर निदान मी त्यांच्या डोक्यात तरी होते असं झालं असतं. मी लुगड्याची घडी परत घातली, ट्रंकेच्या तळाशी ठेवली, आणि ह्यांना म्हटलं, सोडलं.

पिंपरीच्या निर्वासितांच्या कॅम्पात एक म्हातारा सिंधी देहूरोडच्या लष्करी डेपोतला मोडीत निघालेला माल विकायचा. कोट, घोंगड्या, बटणं, कशाचाही ढीग. तिथं सिंधी बायका थंडीत अंगावर बिनबाह्यांची लोकरी जाकिटं घालून फिरायच्या, ती मी येता-जाता बघितली होती. आमच्यात जाकीट पुरुषांचं. बाईनं गारठ्यात पदर आवळून घ्यायचा, फार तर शाल. पण मला वाटलं, लुगडं एकच असलं तर असू दे, त्याच्यावरचं काही बदललं तर बघणारीची नजर तिकडं जाईल. म्हाताऱ्याकडून मी निळा लष्करी कोट आणला. त्याची पाठ विरली होती आणि बाह्या कसरीनं खाल्लेल्या होत्या, म्हणून तो मला मातीमोलानं मिळाला. बाह्या टाकून दिल्या. पाठ पुढच्या पल्ल्यांतून जोडून काढली. निळा रंग उडाला होता तो घरीच काळ्या रंगात बुचकळला. आतून आमच्या ह्यांच्या जुन्या तांबड्या फेट्याचं अस्तर लावलं, पण शिवणी अशा झाकल्या की उलटं घातलं तरी कळू नये. एका बाजूनं काळं, एका बाजूनं तांबडं. काखेतल्या नाड्या सैल सोडल्या की लांब दिसायचं, ओढल्या की कमरेशी चापून बसायचं. पितळी बटणं दोन्ही बाजूंनी लागत होती.

संक्रांतीला जाऊबाईंच्या घरी हळदीकुंकू होतं. सगळ्या बायका काळ्या चंद्रकळा नेसून आलेल्या, आणि मी माझ्या हिरव्या लुगड्यावर काळं जाकीट घालून गेले. कुणी 'हिरवी' म्हटलं नाही. बायका हात लावून बघत होत्या. तिळगूळ घेऊन उठताना मी माजघरात गेले, जाकीट उलटवलं आणि तांबड्या बाजूनं बाहेर आले. एक म्हातारी म्हणाली, कुशाबाईनं आणखी एक आणलंय वाटतं.

जाऊबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. जी संधी मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं ती आपल्या पायानं चालत आली. बायका गेल्यावर त्यांनी मला मागं थांबवून घेतलं. ज्योतीरामचं लग्न निघोजेला मुलीच्या दारी होतं, माघातला गारठा, आणि चाकणकडची सगळी मोठी माणसं येणार होती. म्हणाल्या, "मलाबी एक शीव गं. पर तुज्यासारकं मोडीतलं नगं. कापड झाक घे."

"शिवते की, जाऊबाई," मी म्हटलं. "आहेर म्हणूनच घालीन तुमच्या अंगावर. मांडवातच."

त्यांनी लगेच हात वर केले आणि माझ्यापुढं माप द्यायला उभ्या राहिल्या. मी दोरीनं त्यांची छाती मोजली, पाठ मोजली, खांदे मोजले. त्या अगदी गरीब गाईसारख्या वळत होत्या.

घरी येऊन मी ट्रंकेच्या तळातून ते जांभळं लुगडं काढलं. कोऱ्या लुगड्याला कात्री लावायची म्हणजे बाईच्या जिवावर येतं. पण एकदा फाडलं की ते पुन्हा कुणाच्या ट्रंकेत फिरायला जाणार नव्हतं, आणि जाऊबाईंच्या मापाचं केलं की दुसऱ्या कुणाच्या अंगालाही बसणार नव्हतं. मी कापड आडवं फिरवून कापलं. रुईफुली काठ गळ्याशी आणि घेरावर लावला. मध्ये कापूस भरून बारीक टाक्यांनी चौकटी पाडल्या. दुसऱ्या बाजूला लष्करी घोंगडीचं करडं कापड घेतलं. छातीवर झाकणाचा लहानसा खिसा केला आणि झाकणाच्या आत पदराचा तो कोपरा बसवला, तुळशीच्या पानासकट.

भीती एकच होती, की जाऊबाई कापड ओळखतील. ओळखलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथं हसून मारून नेलं असतं आणि मी जन्माची हिरवीच राहिले असते. पण ज्या बाईनं कधी घडीच मोडली नाही, तिला काठ कुठला ओळखू येणार?

निघोजेच्या मांडवात अक्षता पडल्या, पंगती उठल्या आणि आहेराला सुरुवात झाली. आमच्यात आहेर गुपचूप देत नाहीत. एक जाणती बाई मध्ये बसते, कुणाचा कुणाला ते मोठ्यानं पुकारते, आणि ज्याचा मान त्यानं तिथंच अंगाला लावून दाखवायचं. पुकारायला दिरांच्या मावशी गोजाबाई बसल्या होत्या. आधी जाऊबाईंनी मुलीच्या आईला, दुर्गाबाईंना, लुगडं नेसवलं. मग त्यांच्या बहिणींना, जावांना, आत्यांना. लुगड्यांचा ढीग बघून निघोजेकरीण बायकांच्या माना हलत होत्या.

मग गोजाबाईंनी पुकारलं, कुशाबाईचा आहेर थोरल्या जावेला. मी जाकीट उलगडलं आणि जाऊबाईंच्या अंगात घातलं. असं बसलं की काय सांगू. राग असला तरी हात माझाच होता, वाईट शिवणं मला जमत नाही. बायका पुढं सरकल्या. दुर्गाबाईंनी काठाला हात लावून विचारलं, एवढं छान कापड कुठलं?

मी बोलायच्या आधी जाऊबाई बोलल्या. "पुण्यास्नं आणवलं. माज्या पसंतीचं हाय. हिला काय कळतंय, ही नुसती शिवती."

मी मनात म्हटलं होतं की त्या गप्प बसल्या तर मीही पुढच्या सणापर्यंत थांबेन. त्या गप्प बसल्या नाहीत.

"पुण्याचं न्हाई, जाऊबाई," मी म्हटलं. आवाज चढवला नाही, गोजाबाईंना ऐकू जाईल एवढाच ठेवला. "तुमचंच हाय. साकरपुड्याला तुमी मला नेसवलं हुतं ते. आन त्याच्या आदी घरभरणीला मी तुमास्नी नेसवलं हुतं ते. खिशाचं झाकण उचला, माज्या हातचं तुळशीचं पान हाय."

झाकण जाऊबाईंनी उचललं नाही. दुर्गाबाईंनी उचललं. त्यांनी ते पान बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि जाऊबाईंकडं अजिबात बघितलं नाही. शांतपणे आपल्या जागी जाऊन बसल्या. मला वाटलं, संपलं. माझं तेवढंच मागणं होतं.

पण दुर्गाबाईंनी मघाशी मिळालेलं आपलं लुगडं मांडीवर घेतलं आणि त्याची घडी मोडली. दुसरी मोडली. तिसऱ्या घडीतून हळदीनं पिवळा झालेला एक तांदूळ त्यांच्या मांडीवर पडला. कुणाच्या तरी लग्नातली अक्षता, वाळून खडा झालेली. त्यांनी ती चिमटीत धरून वर उचलली. मग त्यांच्या थोरल्या बहिणीनं आपलं लुगडं उलगडलं. मग जावांनी, मग आत्यांनी. भरल्या मांडवात नुसत्या घड्या मोडत होत्या. एका पदराला कुंकवाचा जुना डाग निघाला. एकीच्या लुगड्यात सुकलेलं विड्याचं पान निघालं.

जाऊबाई मध्येच उभ्या होत्या, माझं जाकीट घालून. आहेर अंगावरून तिथंच काढायचा नसतो, अपशकुन होतो. म्हणून त्यांना ते मुलीची पाठवणी होईपर्यंत घालून राहावं लागलं, आणि आलीगेली प्रत्येक बाई त्या खिशाकडं बघून जात होती. मला वाईट वाटलं का? नाही. मला पोट भरल्यासारखं वाटलं.

लग्न काही मोडलं नाही. मुलीचे वडील अर्जुनराव समजुतीचे, त्यांनी बायकांचं बायकांत राहू दिलं. हिंदुरावांनी मात्र आम्हाला वऱ्हाडाच्या गाडीत घेतलं नाही. आम्ही तिघं चाकणपर्यंत पायी निघालो. आमचे हे पुढं पुढं चालत होते. उन्हं उतरत होती. मला वाटलं, आता हा माणूस मला बोलणार, सख्ख्या भावाची अब्रू घालवलीस म्हणणार. एका चिंचेखाली ते थांबले. मांडवात भावानं बांधलेला फेटा त्यांनी डोक्यावरून काढला आणि उलगडत उलगडत शेवटच्या टोकापर्यंत गेले. टोकाला कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा पट्टा होता.

"म्या आपला मानाचा म्हनून मिरवला," ते म्हणाले. मग त्यांनी तो फेटा माझ्या हातात दिला. "अस्तराला हुईल."

त्यानंतर मला कुणी हिरवी म्हटलं नाही. पोरीला लोक तिच्या बापाच्या नावानं भैरूची पोर म्हणतात. जाऊबाईंना मात्र रहाटणीपासून निघोजेपर्यंत बायका पाठीमागं 'फिरता आहेर' म्हणतात, आणि कुठल्याही कार्यात त्यांनी हातावर लुगडं ठेवलं की घेणारी आधी घडी मोडून बघते.

त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. पण पुढल्या पौषात मी भट्टीवरून जात होते तेव्हा त्या विटा मोजून घेत उभ्या होत्या. नदीवरून बोचरं वारं येत होतं. अंगात माझंच जाकीट होतं, उलटं घातलेलं, करडी बाजू वर. मला बघून त्यांनी पदर पुढं ओढला. मी थांबले, त्यांना वरपासून खालपर्यंत बघून घेतलं, आणि विचारलं, काखेत काचत तर नाही ना?