माळ घातल्यापासून

सजींद्रनने शबरीमलेची माळ घातली आणि विड्या सोडल्या. कधी हातातली विडी न विझू देणारा माणूस, पण व्रत म्हणजे व्रत. नारायणीअम्माच्या आनंदाला पारावार उरला नाही. रीतीप्रमाणे ती पोटच्या पोराला 'स्वामी' म्हणू लागली. एरवीचं लाडाचं 'मोने', म्हणजे 'बाळा', जाऊन अहोजाहो आलं.

थोड्याच दिवसांत स्वामींचं अंग जड झालं. लाळेने उशी भिजायची. पहाटेच्या अंघोळीला उठताना भिंत धरावी लागे. मनाच्या दुखण्यावरची ती गोळी तो वर्षानुवर्षं घेत होता, तिची नस त्याला ठाऊक होती.

"अम्मा, गोळी जास्त होतेय."

नारायणीचा चेहरा उतरला. मागे हेच म्हणून त्याने गोळ्या जिभेखाली दडवल्या होत्या, परसात थुंकल्या होत्या. मग शेजारच्या कुमारनने विहिरीत विष कालवलंय म्हणत तो कोयता घेऊन त्याच्या अंगावर धावला होता. तेव्हापासून गोळीचं नाव काढलं की घरादाराला कोयताच दिसे.

"स्वामी, तोंड उघडा. जीभ वर करा."

तो मुकाट्याने करी. बोललं तर दुखणं बोलतंय, गप्प बसलं तर दुखणं वाढलंय. जावं कुठे माणसाने?

"स्वामींना समाधी लागली वाटतं," कुमारन कुंपणापलीकडून म्हणाला. अलीकडे यायची त्याची अजून छाती नव्हती.

एका सकाळी सजींद्रन विहिरीपाशीच कोसळला. अम्माने त्याला रिक्षात घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"परत सुरू झालंय हो. गोळी वाढवून द्या."

सजींद्रनची नको म्हणायलाही जीभ वळेना.

बाईंची नजर त्याच्या माळेवर गेली. "विड्या?"

"माळ घातल्यापासून एकसुद्धा नाही," अम्मा अभिमानाने म्हणाली.

"मग मला सांगायला नको? विडीच्या धुराने ही गोळी अंगातून लवकर निघून जाते. धूर थांबला की साठत राहते. विडी सोडली ते उत्तमच, पण गोळी तेव्हाच कमी करायला हवी होती. आणि तुम्ही वाढवा म्हणताय?"

"देवाचं व्रत ते. त्यात डॉक्टरला काय विचारायचं?" अम्मा पुटपुटली. मग लेकाकडे पाहून म्हणाली, "हा सांगत होता."

बाईंनी रक्त तपासलं, दिवसभर त्याला नजरेखाली ठेवलं आणि गोळी कमी करून घरी धाडलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अम्माने अर्धी गोळी दिली. त्याने ती गिळली आणि सवयीने तोंड उघडलं, जीभ वर केली, तसाच उभा राहिला.

अम्माने आत पाहिलं नाही.

"मीट, मोने," ती म्हणाली. "मीट ते तोंड."