म्हाताऱ्याच्या बोटावर पडलेला हातोडा

मी हातोडा बोलतोय. नालबंदाचा. घोड्याच्या खुरात नाल ठोकतात, तो मी. गोड बोलायला मला जमत नाही. झालं तसं सांगतो.

आधी मी म्हाताऱ्याच्या हातात होतो, आता त्याच्या मुलाच्या. म्हाताऱ्यानं त्याला पहिलं शिकवलं ते ठोकणं नव्हे. "आधी खांद्यावर हात ठेव. मग हळूहळू पायावरून खाली आण. घोडा आपणहून पाय देतो. ओढलास तर लाथ खाशील." मुलगा शिकला. कसलाही बिथरलेला घोडा आणा, ह्याच्या हाताखाली मेंढरासारखा उभा.

माणूस समोर आला की मात्र ह्याचं डोकं फिरलंच. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणार, पाळक सौम्यतेवर बोलले की मान डोलावणार, आणि घरी आल्यावर चहा गार म्हणून कप आपटणार. बायको म्हणायची, "तुमची सौम्यता घोड्यांपुरतीच का हो? देवानं आम्हालाही चार पाय द्यायचे होते!"

त्या दिवशी म्हातारा खिळे देत होता. हात थरथरतात त्याचे. सगळे खिळे मातीत सांडले.

"मरत का नाहीस एकदाचा!" म्हणून ह्यानं मला भिरकावलं. भिंतीवर फेकला होता म्हणतो. मी लागलो म्हाताऱ्याच्या बोटावर. हाड मोडलं ते सगळ्यांत आधी मला कळलं.

म्हाताऱ्याची खाट भट्टीजवळच, म्हणून पुढचं सगळं मी बघितलं. पट्टी सून बांधायची. मुलगा दारात दिसला तरी म्हातारा हात पोटाशी घ्यायचा. रविवारी हा चर्चमधून एकटाच लवकर आला. मागून बायको आली. "प्रभुभोजनाची भाकर हातात न घेताच उठलात?"

"कोणत्या हातानं घेऊ?"

खाटेपाशी गुडघ्यावर बसला. म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हातारा दचकला. ह्यानं हात तिथंच राहू दिला. मग दंडावरून, कोपरावरून, हळूहळू खाली. फार वेळ लागला. पट्टीपाशी थांबला.

म्हातारा म्हणाला, "नाही मारत लाथ."

तेव्हा एवढा दांडगा गडी लहान पोरासारखा रडला.

बोट वाकडंच जुळलं. मी अजून मुलाच्याच हातात आहे. राग आला की त्याची मूठ आवळते, माझ्या दांड्याला कळतं. मग तो मला खाली ठेवतो. दर वेळी नाही, पण ठेवतो.

बाबांनो, मला फेकू नका. मला काही होत नाही, पुसलं की मी पहिल्यासारखा. पण ह्यानं मला उचललं, की म्हातारा अजून ते बोट मुठीत लपवतो.