साडेतीन फुटांचा कठडा

मी एका पुलाचा कठडा बोलतोय. कोणत्या पुलाचा, ते विचारू नका, साहेबलोक चिडतात. मुकुंदवाडी-गारखेड्याकडची माणसं मला चांगली ओळखतात, तीही पायानं नव्हे, बुडानं.

माझा जन्म हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर दहा-बारा वर्षांनी झाला. मला घडवणारा गवंडी केरबा. त्याला नकाशा वाचता येत नसे. दगड रचला की त्याला पोट टेकवून उभा राहायचा आणि म्हणायचा, "कठडा बेंबीला लागाया पायजे. बेंबीच्या खाली आला, तर नुसती बसायची सोय." साहेबांनी टेप लावली तेव्हा बरोबर साडेतीन फूट भरले. तसं वहीत लिहिलं गेलं आणि वही कपाटात गेली.

म्हातारपणी माणसं वाकतात. मी वाकलो नाही, माझ्या पायाशी रस्ताच वर चढत आला. निवडणूक आली की डांबराचा नवा थर पडायचा. जुना थर खरवडून काढावा, हे कुणाला सुचतच नसे. पोळ्यांच्या चवडीसारखा रस्ता वाढत गेला आणि साठ वर्षांत मी बेंबीवरून गुडघ्यावर आलो.

मग काय, केरबा म्हणाला तेच झालं. संध्याकाळी म्हातारे माझ्यावर येऊन टेकत, एक सरकार पाडत, दुसरं आणत आणि पानाची पिचकारी माझ्याच अंगावर मारून घरी जात. मला त्या गप्पांची चटक लागली होती, हे कबूल करतो.

पण त्याच वर्षांत दोन माणसं माझ्यापाशी आली आणि घरी परतली नाहीत. त्यांची नावं मी सांगणार नाही. अडवणं एवढंच माझं काम होतं आणि ते मला जमलं नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

पुलाच्या तोंडाशी द्वारकाबाई पेरूची टोपली घेऊन बसते. तिची जीभ अशी, की रिक्षावालेही तिच्यासमोर हॉर्न वाजवताना विचार करतात. चार वर्षांपूर्वी एका दुपारी त्रिंबक नावाचा रंगकाम करणारा तरुण माझ्यापाशी येऊन उभा राहिला. बराच वेळ हलेना. द्वारकाबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं आणि हाक मारली, "ए बाबा, जरा टोपली धर. मला कंबर सरळ करू दे."

त्यानं टोपली धरली. बाईला कंबर सरळ करायला पाऊण तास लागला! एवढी लांब कंबर मी जन्मात पाहिली नाही. तेवढ्या वेळात तिनं त्याचं गाव विचारलं, आईचं नाव विचारलं, दोन पेरू खायला लावले आणि रडूही दिलं. दुसऱ्या दिवशी स्वतः त्याला घाटीच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडं घेऊन गेली.

त्या दिवसापासून तिनं एकच धोशा लावला. "इथं उंच जाळी पायजे. आज मी होते. उद्या तापानं पडले तर? जाळीला ताप येत नाय."

ब्लाउज शिवणाऱ्या साळूबाईनं अर्ज लिहिला. वस्तीतल्या दीडशे बायांनी सह्या आणि अंगठे दिले. कचेरीतून उत्तर आलं, "सदर कठड्याची उंची साडेतीन फूट असून ती पुरेशी आहे." पाच अर्ज गेले, पाच उत्तरं आली, काना-मात्रेचाही फरक नाही. प्रत्येक वेळी कपाटातली वही उघडली जायची. पुलावर यायला मात्र कुणाला सवड नसे.

तेवढ्यात माझ्या पायाशी आणखी एक थर पडला. द्वारकाबाई हसली. साळूबाईला म्हणाली, "साहेब अर्जाला येत नाय. सत्काराला येतो का बघू."

आपल्याकडं सत्काराला नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय. "रस्ता लई गुळगुळीत केला तुमी," असा निरोप गेला आणि रविवारी सकाळी साहेब इस्त्रीचे कपडे घालून हजर झाले.

"खुर्ची आणायची राहिली बघा," द्वारकाबाई म्हणाली. "टेका की कठड्यावरच."

साहेब टेकले. फेटा बांधला, हातात नारळ दिला, त्रिंबकनं खांद्यावर शाल घातली. फोटो निघाले. मग साळूबाईनं गळ्यातली मापाची टेप काढून रस्त्यापासून माझ्या माथ्यापर्यंत धरली.

"दीड फूट," ती मोठ्यानं म्हणाली.

"साहेब," द्वारकाबाईनं विचारलं, "साडेतीन फुटांवर बसून तुमचे पाय भुईला कसे टेकले वो? बाकीचे दोन फूट कुठं गेले?"

बाया पदरात तोंड घालून हसू लागल्या. मला हसता येत नाही, नाहीतर साहेब पडले असते.

साहेब ओशाळले, पण हार मानेनात. "बाई, जाळी लावून काय होणार? ज्याला जीव द्यायचाच आहे, तो दुसरीकडं जाईल."

हसणं थांबलं. त्रिंबक पुढं आला. "साहेब, तीन वर्सांमागं मी त्याच्यासाठीच इथं आलो होतो. मावशीनं अडवलं. मी नाय गेलो दुसरीकडं. ती येळ टळली, मंग घरी गेलो. आत्ता तुमाला शाल घातली, तो मीच."

साहेब उठले. इतका वेळ ज्या बाजूला पाठ करून बसले होते, तिकडं वळून त्यांनी एकदा खाली पाहिलं आणि दोन पावलं मागं सरकले. फेटा काढून हातात घेतला.

सात महिन्यांनी जाळी आली. माझ्या डोक्यावर दोन पुरुष उंच उभी आहे, वरून आत वळलेली. शेजारी मन मोकळं करायच्या फोन नंबराची पाटी आहे. म्हाताऱ्यांची बसायची सोय गेली. ते आता चहाच्या टपरीवर सरकारं पाडतात आणि जाता-येता मला शिव्या देतात. खुशाल देऊ देत. तुम्ही पुलावरून जाल तेव्हा माझ्याकडं नाही पाहिलंत तरी चालेल. माझ्यापाशी कुणी फार वेळ एकटं उभं दिसलं, तर मात्र काहीतरी निमित्त काढून बोला. कंबर दुखायला लागली तरी चालेल.

परवा दुपारी एक बाई आली. जाळीत बोटं अडकवून कितीतरी वेळ उभी होती. द्वारकाबाई तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूहळू तिला टोपलीपाशी घेऊन आली. खूप वेळानं त्या बाईनं डोळे पुसले, एक पेरू उचलला, दाबून पाहिला आणि म्हणाली, "हा कच्चा हाये. दुसरा बघते."

कुणी टोपलीत हात घातला, की एरवी द्वारकाबाई त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. त्या दिवशी तिनं टोपली त्या बाईच्या मांडीवरच ठेवली आणि म्हणाली, "बघ माय, सगळे दाबून बघ."