अर्ध्या हंगामाचे मानकरी आणि मी

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे आणि मला दुसऱ्याचे कौतुक ऐकवत नाही. हे आधीच सांगितलेले बरे. बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा जो गडी असतो, त्याला कॅचर म्हणतात. मी त्याच्या डाव्या हातात असतो. माझा जन्म टेक्सासमधल्या एका कारखान्यात, बैलाच्या कातड्यापासून झाला. तिथून मी ईरी सरोवराकाठच्या हेरन संघात, वेन्सेल ड्वोराक नावाच्या कॅचरकडे आलो.

नवा होतो तेव्हा मी पाटासारखा ताठ होतो. ड्वोराकने मला तेल चोळले, माझ्या पोटात चेंडू ठेवून दोरीने आवळले आणि गादीखाली घालून तो वर झोपला. असा अख्खा हिवाळा गेला, तेव्हा कुठे माझ्या तळव्यात चेंडू बसेल असा खळगा पडला. तो बरोबर त्याच्या हाताला बसणारा होता. म्हणूनच आमच्यात रीत आहे, दुसऱ्याच्या मोज्यात कुणी हात घालायचा नाही. एकदा चेंडू फेकणाऱ्या एका गड्याने, म्हणजे पिचरने, गंमत म्हणून मला हातात चढवले, तर ड्वोराक ओरडला, "ए, काढ आधी! उद्या माझा टूथब्रशही वापरशील!" त्या दिवशी मी फुगून दुप्पट झालो होतो.

पण दर जुलै महिन्यात माझी हवा निघायची. हंगाम निम्मा झाला की हेझल ट्रिम्बल नावाच्या बाई गावच्या वर्तमानपत्रात अर्ध्या हंगामाचे मानकरी जाहीर करत. उत्तम पिचर, उत्तम फलंदाज, उत्तम नवखा. आणि फोटो कुणाचा? बॅटचा! ते नुसते लाकूड दहांत तीनदा चेंडूला लागले तरी लोक त्याला डोक्यावर घेऊन नाचतात. मी दहांत एक चेंडू सोडला असता तर मला त्याच दिवशी हाकलले असते. आमच्या वाट्याला आजवर एकदाच एक ओळ आली होती, "शिवाय ड्वोराक वगैरे." त्या वगैरेमध्ये मी होतो.

मग एलिएसर पेगेरो आला. डोमिनिकन पोरगा, विशीतला, हातात जोर आणि गुडघे शाबूत. आल्या आल्या त्याने ड्वोराकची जागा घेतली आणि आम्ही बाकावर बसलो. पेगेरोचा मोजा काळा कुळकुळीत होता, त्यावर सोनेरी अक्षरे होती. त्यात चेंडू बसला की असा चटाक् आवाज निघे, की इकडे माझा जळफळाट होई. ड्वोराकही आतून जळत होता, पण वरून सूर्यफुलाच्या बिया चघळत बसे. त्याचा करार त्या वर्षीच संपत होता. पोरगा घसरला तरच आम्हाला आणखी एक वर्ष मिळणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

जुलै महिन्यात ट्रिम्बलबाईंनी पेगेरोला उत्तम नवखा म्हणून निवडले आणि तिथेच तो फसला. वर्तमानपत्राच्या कचेरीत, रस्त्याकडच्या काचेमागे मांडायला त्याने हुरळून आपला मुरलेला मोजाच देऊन टाकला. स्वतः खेळायला घेतला कोरा करकरीत.

त्या संध्याकाळच्या सामन्यात ताठ कातड्यावरून चेंडू उसळून बाहेर पडू लागले. दोन धावा अशाच गेल्या. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडले, "काय रे मानकऱ्या, अर्ध्या हंगामाचा म्हणून अर्धेच चेंडू झेलतोस का?" मी मनात म्हटले, बरे झाले, जिरली!

आमचे व्यवस्थापक लूमिस ड्वोराकजवळ आले. "वेन्सेल, पोराला बाहेर काढलं तर आज परत घेता येणार नाही. एकतर तू आत जा, नाहीतर तुझा मोजा त्याला दे. काय ते तूच ठरव."

ड्वोराकने माझ्याकडे पाहिले. एका शब्दात आमची जागा परत मिळत होती. जा, जा, असे मी ओरडत होतो, पण आमचे कोण ऐकतो?

"पुढची फलंदाजी त्याची आहे," ड्वोराक म्हणाला. "आज त्याची बॅट चेंडूला लागेल. माझी नाही लागायची." आणि तो मैदानात जाऊन पेगेरोला म्हणाला, "हे घे, पोरा. अंगठ्याशेजारचं बोट मोज्याबाहेर ठेव, नाहीतर सुजेल."

परका हात आत शिरला. मी ठरवले, चेंडू सोडून द्यायचा. पण चेंडू आला आणि माझे कातडे आपोआप मिटले. चटाक्! इतका खणखणीत आवाज माझ्यातून कित्येक वर्षांत निघाला नव्हता. पुढे पेगेरोच्याच फटक्यावर आम्ही जिंकलो.

"दादा, काय मोजा आहे हो तुमचा! मला द्याल?" त्याने विचारले.

"चल, फूट!" ड्वोराक हसून म्हणाला. मग त्याने माझ्यात हात घातला आणि त्याचे हसू मावळले. "अजून गरम आहे," असे पुटपुटून त्याने हात काढून घेतला. तो मत्सर मी लगेच ओळखला, कारण तो माझ्या रोजच्या ओळखीचा होता.

हंगाम संपला आणि संघाने ड्वोराकला निरोप दिला. आता तो सरोवराकाठी मासेमारीच्या गळांचे दुकान चालवतो आणि मी तिथे काचेच्या पेटीत असतो. काच तो रोज पुसतो, मला मात्र हात लावत नाही, दुसऱ्या कुणालाही लावू देत नाही. माझ्या वाद्या वाळल्या आहेत, तळव्याला भेगा पडल्या आहेत. दर जुलै महिन्यात टीव्हीवर मानकऱ्यांत पेगेरोचे नाव येते, त्याच्या हातातला मोजा चटाक् वाजतो आणि मी अजूनही जळतो.

मागे एकदा पेगेरो मला मागायला दुकानात आला होता. "माझा हात माग, कापून देतो. हा नाही," असे ड्वोराकने त्याला सांगितले. गिऱ्हाइके कौतुकाने हसली. मला काही हसू आले नाही.

मित्रांनो, कातड्याला तेल लागते, वाद्या वेळच्या वेळी बदलाव्या लागतात, पण सगळ्यांत आधी कुणाचा तरी हात लागतो. ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याला वापरा, आणि तुम्हाला जमेनासे झाले की दुसऱ्याला वापरू द्या. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येतो, असे पेगेरो म्हणून गेला आहे. तो येईल आणि ड्वोराक पुन्हा नाही म्हणेल, याची मला फार भीती वाटते.