पुरावा न लागणारा शब्द

मी 'स्वयंसिद्ध' हा शब्द बोलतोय. जे इतकं उघड असतं की सिद्ध करावंच लागत नाही, ते मी. निदान मला जन्म देणाऱ्या पंडितांनी तसं ठरवलं होतं.

बालपण भूमितीच्या पुस्तकात गेलं. दोन बिंदूंमधून एकच सरळ रेषा जाते, असं म्हणायचं आणि माझ्याकडे बोट दाखवायचं. वादच नाही. पोरं मला पाठ करत आणि परीक्षेनंतर विसरत. सुखाचे दिवस होते.

पुढे मला भाषणांत नोकरी लागली. तिथे कळलं, की ज्याच्याजवळ पुरावा असतो तो पुरावा देतो. ज्याच्याजवळ नसतो, तो मला बोलावतो.

माझे सध्याचे धनी वामनराव, बाभुळगावचे निवृत्त मुख्याध्यापक. परवा त्यांनी मला गावातल्या बापूजींच्या मुलीच्या, दिपालीच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात नेलं. मुलाकडचे पाहुणे वणीचे. या घरांत साक्षगंधाला एखादा वडीलधारा उभा राहून दोघांची पसंती चारचौघांत विचारतो, मग मुलीला कुंकू लागतं. वामनरावांनी विचारलं, मुलगा "हो" म्हणाला. दिपालीला विचारायची वेळ आली, तोच वांग्याच्या भाजीचा वास मांडवात शिरला. वामनरावांना जेवणाची घाई झाली.

"मुलीची संमती तर स्वयंसिद्धच आहे!"

टाळ्या पडल्या. मला लाज वाटली, पण लग्नघरात शब्दाचं कोण ऐकतं? मुलाच्या आईनं कुंकवाचं बोट पुढे केलं. दिपालीनं कपाळ मागे घेतलं.

"काका, इतकं उघड होतं तं मले काहून माहीत नाही?"

"अवं, घरच्यांनी ठरवलं ना पोरी!"

"मंग त्यायलेच लावा कुंकू."

कोणीतरी फसकन हसलं. तिची आई कोकिळाबाई मात्र हसली नाही. नवऱ्याला म्हणाली, "अहो, इचारा तं खरं तिले."

बापूजी लेकीकडे वळले. "तुह्या मनात काय आहे, बाई?"

"मले नाही करायचं हे लगन."

मग मुलगाच म्हणाला, "बरं झालं, आत्ताच सांगतलं."

जेवणाला मात्र कोणी नाही म्हटलं नाही. हात धुताना वामनराव शेजाऱ्याला सांगत होते, "पोरगी नकार देणार, हे तर स्वयंसिद्धच होतं!"

वाचकहो, मी आता थकलो. मला कामाला लावण्याआधी ज्याच्याबद्दल बोलताय, त्याला एकदा विचारून घ्या. त्यानंतरही माझी गरज वाटली, तर जरूर बोलवा. बहुधा मी रिकामाच असेन.