बिनशब्दांचा प्रवेश

सिस्टरनं सुई काढली, कापूस दाबला आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

“आता तासभर बोलायचं नाई, रंजीताबाई. मांगच्या खेपेसारखं पुटपुटायचंबी नाई.”

रंजीतानं मुकाट्यानं मान हलवली. मागच्या खेपेला इथंच पडल्या पडल्या तिनं अख्खा तिसरा अंक ओठांतल्या ओठांत म्हणून काढला होता. तपासणीसाठी टोचलेली साखर राबत्या स्नायूंत जाते म्हणे. स्कॅनमध्ये तिचा गळाच उजळला, डॉक्टर चक्रावले आणि तिथंही गाठ असेल म्हणून मानेत विनाकारण सुया गेल्या. झाडीपट्टी रंगभूमीची नामांकित नटी, आणि जीभ काही आवरेना! आज मात्र दातखीळ बसली तरी बेहत्तर, असं ठरवूनच ती वडशाहून चंद्रपूरला आली होती.

पोटातल्या गाठीचं डॉक्टरांनी तिला उलगडून सांगितलं होतं. तिथल्या पेशींना ‘खा, वाढ’ असा इशारा अखंड चालू असतो, म्हणून त्या साखर ओढत सुटतात. रोजची गोळी तो इशारा तोडते. आज गाठीत साखर भरलेली दिसली, तर गोळी फुकट गेली. नाही दिसली, तर लागू पडली.

“म्हंजे प्रॉम्प्टर चुप होऊनच नाई राह्यला,” भैयाजी म्हणाले होते. ते तिचे यजमान, आणि विंगेतून वाक्यं पुरवणारे नाटक कंपनीचे प्रॉम्प्टरही.

“तुमच्यावानी,” ती म्हणाली होती, आणि हसता हसता तिला रडू फुटलं होतं.

पलीकडच्या खाटेवरची म्हातारी कुशीवर वळली.

“रंजीताबाई ना जी तुमी? सावली गावच्या मंडईत, जत्रेतल्या नाटकात पायलं होतं. तुमी रडल्या का आमी रडो. मले लय भेव लागून राह्यलं. काई तरी बोला ना, बाई.”

रंजीताचा जीव तुटला. कुणी हाक मारली आणि ती बोलली नाही, असं आजवर झालं नव्हतं. शब्द पार जिभेच्या टोकावर आला. तो तिनं गिळला. म्हातारीच्या डोळ्यांत डोळे घालून ती नुसती सावकाश श्वास घेत राहिली, सोडत राहिली. हळूहळू म्हातारीचाही श्वास तिच्या लयीत पडला, आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

“गळा साफ आहे. गाठ आहे तेवढीच आहे, पण साखर घ्यायची थांबली आहे. गोळी लागू पडली.”

“पण गाठ आहेच ना?” भैयाजींनी विचारलं.

“राहू द्या जी. स्टेजवर उभी राहो बापडी. तिले आता प्रॉम्प्टर नाई.” रंजीता उठली. “मले मात्र आहे. सांगा, उद्याच्या खेळातलं माह्यं पयलं वाक्य कोणतं?”

भैयाजींनी तोंड उघडलं. आणि अख्ख्या जन्मात पहिल्यांदा त्यांना वाक्य आठवेना.