समोरच्या खिडकीतला रेडिओ

राष्ट्राध्यक्ष रविवारी संध्याकाळी रेडिओवर बोलणार हे कळल्यापासून व्हर्ना प्रुइटला काही सुचत नव्हतं. एरवी तिच्याइतकी खूश बाई त्या गल्लीत दुसरी नसायची. अख्ख्या गल्लीत रेडिओ एकच, तो तिच्या घरी. भाषणाच्या दिवशी ती तो खिडकीत ठेवायची, लोक आपापल्या खुर्च्या घेऊन यायचे, आणि तिचा नवरा एमॉस पलंगावरूनच सगळ्यांना गप्प बसवायचा. चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात भट्टीवर काम करून त्याच्या छातीत धूळ बसली होती. पुढे मंदी आली, कारखाना बंद पडला आणि तो कायमचा अंथरुणाला खिळला. पण तो आवाज लागला की गडी उशीला टेकून ताठ बसायचा. म्हणायचा, "हा माणूस माझ्याशी बोलतो गं. कारखान्याचा मालक वीस वर्षांत एकदा बोलला नाही."

आणि त्याच राष्ट्राध्यक्षांच्या नावानं जी सरकारी मदत गावात यायची, तिच्या कचेरीचा नियम असा, की घरात रेडिओ असेल तर आधी तो विका, मग धान्याची चिठ्ठी मागा. आता बोला. त्यांचं ऐकायचं तर रेडिओ हवा, आणि त्यांचं धान्य खायचं तर रेडिओ नको. कचेरीच्या मिस कोलविन घरोघर फिरायच्या, पलंगाखालीसुद्धा डोकवायच्या. मग लोक करायचे काय, तर मिस कोलविन यायच्या आधी घरातली चांगली वस्तू शेजारी नेऊन ठेवायची. कुणाची घोंगडी इकडे, कुणाचं घड्याळ तिकडे. सगळी गल्ली हेच करायची आणि कुणाला त्यात पाप वाटायचं नाही.

आता मिस कोलविनची फेरी व्हर्नाकडे यायची होती, म्हणून तिनंही तेच केलं. समोरच्या ल्युडमिला बेन्कोकडे मिस कोलविन नुकत्याच येऊन गेल्या होत्या, म्हणजे तिथे धोका नाही. ल्युडमिला स्लोव्हाक विधवा, पदरात इरेन्का नावाची सात वर्षांची पोर. तिच्या नवऱ्याला पुरायचं होतं तेव्हा जानेवारीची जमीन दगडासारखी गोठलेली. खड्डा खणायला कुणी पुढे येईना, तेव्हा एमॉसनं एकट्यानं खणला होता. ते ती विसरली नव्हती. "ठेव गं," ती म्हणाली, "त्यात विचारायचं काय?" रेडिओ कोपऱ्यात गेला, त्यावर शाल पडली. एमॉसला व्हर्नानं सांगितलं, दुरुस्तीला दिलाय.

आणि मिस कोलविन दुसऱ्याच दिवशी परत ल्युडमिलाकडे आल्या. तपासायला नव्हे हो. इरेन्काचे बूट फाटलेले त्यांनी पाहिले होते, म्हणून कुठूनतरी जुने पण धड बूट मिळवून आणले होते. पोरीला बसवायला जागा करावी म्हणून त्यांनी कोपऱ्यातली शाल उचलली.

व्हर्ना तेव्हा अंगणात कपडे वाळत घालत होती. दोघी बाहेर आल्या. मिस कोलविनचा चेहरा उतरला होता.

"मिसेस प्रुइट, तुम्ही समोर राहता. आत जो रेडिओ आहे, तो यांचाच का?"

ल्युडमिलानं व्हर्नाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, विनवणीही नव्हती. ती नुसती थांबली होती. व्हर्नाला एमॉसचं औषध दिसलं, डब्याच्या तळाला गेलेलं पीठ दिसलं, आणि तोंडातून शब्द गेले, "मला काय ठाऊक, बाई. मी कशाला कुणाच्या घरात बघू?"

"माझाच आहे," ल्युडमिला म्हणाली.

"मग तो विका आणि या कचेरीत. तोवर तुमची चिठ्ठी बंद." मिस कोलविनही बिचाऱ्या ओशाळल्या होत्या. बूट मात्र त्यांनी राहू दिले.

ल्युडमिलानं रेडिओ विकला असता तर ती त्याच दिवशी सुटली असती, पण वस्तू दुसऱ्याची म्हणून तिनं हात लावला नाही. व्हर्नानं जाऊन नुसतं "विकून टाक" म्हटलं असतं तरी झालं असतं. रोज ती दारापर्यंत जायची. रोज पलंगावरून एमॉस विचारायचा, "रविवारपर्यंत येईल ना दुरुस्त होऊन?" की ही तिथूनच मागे फिरायची. नळावर गल्लीतली मिसेस हॉस्किन्स हात नाचवत सांगत होती, "बघा, पोरगी उपाशी आणि बाईला गाणी ऐकायची हौस. हिच्यासारख्यांमुळेच आपली नावं खराब होतात." व्हर्ना बादली भरत राहिली. शनिवारी कळलं, की पाद्रीबाबांनी इरेन्काची सोय पिट्सबर्गला अनाथाश्रमात केली आहे. सोमवारी सकाळच्या गाडीनं नेणार. तिथे निदान पोटभर जेवायला मिळेल. हे ऐकून व्हर्ना घरी आली, स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसली आणि स्वतःच्या तोंडावर स्वतःच मारून घेतलं. तरी बोलली नाही. इतकी भित्री ती आयुष्यात कधी नव्हती.

रविवारची संध्याकाळ झाली. एमॉस रुसून भिंतीकडे तोंड करून पडला होता. एवढ्यात समोरची खिडकी उघडल्याचा आवाज आला. ल्युडमिलानं रेडिओ उचलून खिडकीत ठेवला, त्याचं तोंड बरोबर एमॉसच्या पलंगाकडे केलं आणि आवाज होता तेवढा वाढवला. रस्त्यात लोक जमले. "लाज तर बघा," कुणीतरी म्हणालं. पण खुर्च्या आल्याच.

राष्ट्राध्यक्ष बोलू लागले, नेहमीसारखे, जेवणाच्या टेबलाशी बसून बोलावं तसे. रोजगाराचं, मदतीचं, धीर धरण्याचं. एमॉस वळला, ऐकत राहिला. मग म्हणाला, "व्हर्ना, हा आपला रेडिओ आहे."

"आवाज सगळ्यांचा सारखाच असतो."

"मला शिकवू नकोस. खालच्या सुराला थरथरतो तो. माझ्या हातून पडला होता तेव्हापासून. तो तिथे कसा?"

व्हर्नानं सांगितलं. शाल, बूट, ल्युडमिलाची नजर, सोमवारची गाडी, सगळं. सांगताना ती त्याच्याकडे बघू शकली नाही. एमॉसला खोकल्याची उबळ आली. उबळ थांबेपर्यंत समोर भाषण चालूच होतं.

"मग मी हे कुणाच्या ताटावर बसून ऐकतोय?" तो म्हणाला. "खिडकी लाव."

"अरे, तू महिनाभर वाट बघतोयस. ऐक तरी, मग मी..."

"लाव म्हटलं ना."

तिनं खिडकी लावली. ती तशीच बाहेर पडली, खुर्च्यांमधून वाट काढत ल्युडमिलाच्या खिडकीशी गेली, आणि बटण फिरवून रेडिओ बंद केला. लोक ओरडले. मिसेस हॉस्किन्स म्हणाली, "अगं, डोकं फिरलं का तुझं?"

"रेडिओ माझा आहे," व्हर्ना म्हणाली. "पहिल्यापासून माझा. तुम्ही सगळे दर वेळी माझ्याच खिडकीखाली बसायचात, आणि तुमच्यातल्या एकाच्याही लक्षात आलं नाही? का आलं होतं, आणि माझ्यासारखेच गप्प बसलात?"

मिसेस हॉस्किन्सनं खुर्ची जराशी मागे सरकवली. मग हळूच म्हणाली, "उद्या तुझीच चिठ्ठी बंद होईल."

"होऊ दे."

आत इरेन्का मिस कोलविननी दिलेले बूट घालून बसली होती. पायाशी बांधलेलं गाठोडं. व्हर्ना खिडकीतून म्हणाली, "ल्युडमिला, सोड ते. उद्या कचेरी उघडायच्या आधी मी दारात उभी असेन. तिला पाठवू नकोस."

ल्युडमिला तिच्याकडे बघत राहिली, त्या दिवशी अंगणात पाहिलं होतं तशीच.

"आधी कचेरीत बोल," ती म्हणाली. "तू बोलल्याचं मी माझ्या कानांनी ऐकेन, मग गाठोडं सोडेन. गाडी दहाला आहे."

व्हर्नानं मान हलवली. एवढा विश्वास उरला होता हेच पुष्कळ होतं, आणि तेही तिला बोचत राहिलं.

ल्युडमिलानं हात पुढे करून रेडिओ पुन्हा लावला. "एमॉसला ऐकू दे," ती म्हणाली. "त्यानं काय केलंय?" आवाज पुन्हा रस्ताभर पसरला. व्हर्नानं मागे वळून आपल्या घराकडे पाहिलं. खिडकी बंदच होती. भाषण संपेपर्यंत ती रस्त्यात उभी राहिली, पण खिडकी काही उघडली नाही.